ताटाची डावी बाजू



वहीची डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची, हे आपल्या घरांतल्या मुलांना पूर्वी पाढ्यांबरोबरच शिकवले जाई. मी एम. कॉम. होऊन बँकेत रुजू झाले तेव्हा तेथे नेमका उलटा प्रकार. डावी बाजू नावे, उजवी बाजू जमा. सासरे थट्टेने म्हणत, "सूनबाई, तुमच्या बँकेने सगळेच उलटे मांडून ठेवले आहे." पुढे ३४ वर्षे मी लोकांच्या खात्यांच्या दोन्ही बाजू तपासल्या, स्वतःच्या घरातल्या ताटाची डावी बाजू तपासण्याची वेळ मात्र निवृत्तीनंतरच आली, आणि तीही सुखासुखी आली नाही.

ताटाची डावी बाजू म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. आमचे घराणे मूळचे मारवाडातले. पण पिढ्यान्‌पिढ्या या मातीत राहिल्यावर पंगतीची मांडणी इथलीच झाली. सासूबाई असेपर्यंत त्या बाजूला रोज निदान तीन पदार्थ असत, आणि त्यांतला एक तरी त्याच दिवशी चिरलेला, कोचलेला किंवा वाटलेला असे. मी सकाळी साडेनऊला डबा घेऊन बाहेर पडे, संध्याकाळी परते. त्यामुळे ते सारे आपोआप होते असाच माझा समज होता. सासूबाई गेल्या, स्वयंपाकाला बाई आल्या. त्या बिचाऱ्या दोन भाज्या, वरण, भात, फुलके वेळेवर करून पुढच्या घरी जात. डाव्या बाजूला हळूहळू पापड, शेव, लोणचे आणि खाकऱ्याबरोबर लागणारा सुका मसाला येऊन बसला. बाजू रिकामी दिसत नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. बँकेत याला आम्ही कागदोपत्री पूर्ण असलेले खाते म्हणत असू.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी यांच्या रक्ताचा अहवाल आला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.६ निघाला. आमचे भुसाराचे दुकान बाजार समितीच्या आवारात आहे. दिवसभर गादीवर बैठक, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर चहा, आणि सूर्यास्तापूर्वी दुकानातच डब्यातले जेवण. यांनी अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि "बघू" म्हणाले. हे "बघू" मी आधी एकदा ऐकले होते. माझे थोरले दीर हेच म्हणत होते, आणि आज ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. त्यांना गाडीतून नेण्या-आणण्याचे काम कित्येकदा हेच करतात. म्हणजे पुढचे पान कसे दिसते हे यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते, तरीही उत्तर तेच.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथल्या मुलीने छापील तक्ता हाती दिला. त्यात रोज एक वाटी गाजर-बीटची कोशिंबीर, मुळ्याचा कीस, मोड आलेल्या मुगाचे दही घालून रायते, कांदा-टोमॅटो, आणि रात्री आठ वाजता पालकाचे सूप. घरी येऊन मी लाल पेन घेतले. गाजर, बीट, मुळा, कांदा ही कंदमुळे. मोड आलेले धान्य आमच्याकडे चालत नाही. मूग आणि कच्चे दही एकत्र म्हणजे द्विदल. रात्रीचे आठ तर विचारायलाच नको. तक्त्यातल्या ११ ओळींपैकी ७ ओळींवर काट बसली. त्या मुलीचा दोष नव्हता. तिला तसे शिकवलेले होते आणि तिने आमची पद्धत विचारली नव्हती, आम्हीही सांगितली नव्हती. पण हे तो तक्ता पाहून म्हणाले, "म्हणजे आपल्यासाठी यात काही नाही," आणि त्यांच्या स्वरात जी सुटकेची छटा होती ती मला ऐकू आली.

त्या रात्री मी ठरवले की काट मारलेल्या प्रत्येक ओळीसमोर आपल्या नियमांत बसणारी दुसरी ओळ लिहायची. सासूबाई हेच करीत होत्या, तक्ता न लिहिता.

सुरुवात वजनापासून केली. व्यापाऱ्याच्या घरात वजनाइतका दुसरा कोणता पुरावा मानला जात नाही. एका रविवारी यांनाच सांगितले की दुकानातला छोटा काटा घरी आणा. दिवसभरात यांच्या पोटात जाणारी प्रत्येक भाजी निवडून, चिरून, शिजवण्याआधी त्यावर ठेवली. संध्याकाळी बेरीज १४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम सांगते, आणि बटाट्यासारखी पिष्टमय कंदमुळे तीही त्यात धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ सालची मार्गदर्शिका तर एकट्या भाज्यांचेच सुमारे ४०० ग्रॅम सुचवते. "घट २६० ग्रॅमची आहे," एवढेच मी म्हणाले. मालात पोत्यामागे अर्धा किलो घट आली तरी ट्रकवाल्याशी तासभर भांडणारा माणूस त्यावर काही बोलला नाही.

ही घट केवळ उजवीकडच्या भाजीने भरून निघत नाही, असा माझा अनुभव आहे. शिजलेली भाजी माणूस पोळीबरोबर खातो. भाजी वाढवली की पोळीही वाढते. डावीकडची कोशिंबीर मात्र नुसती खाता येते. डॉक्टरांनीही यांना क्रम सांगितला होता की आधी वाटीभर कोशिंबीर, मग भाजी-वरण, आणि शेवटी पोळी-भात. यात औषधाची जागा कोशिंबिरीला देण्याचा मुळीच विचार नाही. गोळ्या जशा लिहून दिल्या तशाच चालू होत्या.

आता पदार्थांकडे वळते. उन्हाळ्यापासून आरंभ करते, कारण आम्ही चैत्रात सुरुवात केली.

काकडीची कोशिंबीर कोणाला येत नाही? मलाही येते असे वाटत होते. मी काकडी किसली, मीठ, दाण्याचे कूट, लिंबू घातले, जिऱ्याची फोडणी दिली आणि डब्यात भरून साडेचारला दुकानात पाठवली. साडेपाचला यांनी डबा उघडला तेव्हा कोशिंबीर पाण्यात पोहत होती. संध्याकाळी डबा जवळजवळ तसाच परत आला. तेव्हा मला सासूबाईंची सुरी आठवली. त्या काकडी किसत नसत, कोचत. साल काढलेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्यावर उभे बारीक वार करायचे आणि मग वरून पातळ चकत्या उतरवायच्या, म्हणजे बारीक बारीक चौकोनी तुकडे पडतात. किसणीने काकडी चेचली जाते आणि तिचे पाणी तत्काळ सुटते. कोचल्याने तुकडा अखंड राहतो. दुसरी गोष्ट मिठाची. मीठ भाजीच्या पेशींतले पाणी बाहेर ओढते, हे आपण शाळेत शिकलो आणि स्वयंपाकघरात विसरलो. म्हणून मीठ अगदी शेवटी, पान वाढताना.

डब्याचे काय करायचे? उपाय साधा निघाला. एका डबीत कोचलेली काकडी आणि ओले खोबरे, दुसऱ्या छोट्या डबीत भाजलेल्या दाण्यांचे कूट, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ, आणि लिंबाची एक फोड. फोडणी तुपाची, जिरे-हिरवी मिरचीची, आधीच काकडीवर घातलेली. तुपाचा हात लागल्याने काकडी जराशी कोरडीही राहते. ऐनवेळी यांनी स्वतः कालवायचे. घरात पाण्याचा पेला हाताने न घेणारा माणूस गादीवर बसून कोशिंबीर कालवतो आहे, हे दृश्य पाहायला शेजारच्या दुकानातले दोघे व्यापारी आले, असे मुनीमजींनी मला नंतर सांगितले. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यासाठीही एक डबी जास्त जाऊ लागली.

काकडीचे टोक कापून चाखल्याशिवाय ती वापरू नये. कडू लागली तर टाकून द्यावी. दुधीच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नये. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. मधुमेहावर दुधीचा कच्चा रस घेण्याची जी लाट मधे आली होती तिच्या मी विरुद्ध आहे. दुधी वाफवून, गार करून, ताज्या दह्यात कालवावा; चवीलाही तो अधिक चांगला लागतो.

उन्हाळ्यात कैरी आहे. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून जाडसर वाटायची, तिच्यात कैरीचा कीस, मिरची, मीठ, ओले खोबरे, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. चैत्रातली ही आंबेडाळ सर्वांच्या परिचयाची. डाळ असल्यामुळे त्या वेळी ताटात कच्चे दही किंवा ताक घेऊ नये, पन्हे करावे. यांच्या पन्ह्यात गूळ नाही, मीठ आणि जिरेपूड. आमच्या घरात कलिंगड कापल्यावर हिरवी साल आणि लाल गर यांच्या मधला पांढरा भाग पूर्वी गाईला जात असे. तो किसून, दाण्याचे कूट व दही घालून उत्तम कोशिंबीर होते. हे मी बँकेतल्या एका सहकारी भगिनीकडून शिकले होते आणि पंधरा वर्षे विसरून गेले होते. गाईसाठी साल उरतेच.

इथे थोडे द्विदलाविषयी. गेल्या अंकानंतर एका भगिनीने पत्रातून विचारले होते की दाण्याचे कूट आणि दही एकत्र कसे चालते, दाणाही दोन दळांचाच आहे. आमच्या घरात चालत आलेली समजूत अशी की ज्यातून तेल निघते ते या नियमात धरत नाहीत. म्हणून शेंगदाणा, तीळ, बदाम दह्यात चालतात. मूग, हरभरा, उडीद, तूर, वाटाणा, चवळी, आणि मेथीसुद्धा, चालत नाही. मेथी अनेकींच्या लक्षात राहत नाही. तसेच दह्याच्या कोशिंबिरीला दाक्षिणात्य पद्धतीने उडदाच्या डाळीची फोडणी देणे. दिसायला चार दाणे, पण उडीदच तो. बेसन पेरलेली भाजी आणि दह्याची कोशिंबीर एका ताटात आली तर काय, हा प्रश्न घरोघरी वेगळ्या रीतीने सोडवतात. मी तर त्या दिवशी कोशिंबीर लिंबाची करते आणि प्रश्नच उभा राहू देत नाही. दही दोन रात्री उलटलेले नको हा नियम तर पाककृतीच्या दृष्टीनेही सोयीचाच. आंबट दह्याची कोशिंबीर निभावायला साखर घालावी लागते. ताज्या दह्याला ती लागत नाही.

पावसाळा हा खरा कसोटीचा काळ. चातुर्मासात पालेभाजी आमच्या घरी येत नाही, कोथिंबीरही नाही. पहिल्या वर्षी आषाढ लागला तेव्हा मला वाटले, आता डाव्या बाजूला पुन्हा शेव येणार. पण वेलींवरच्या भाज्यांचा हाच मोसम. दोडका, पडवळ, तोंडली, भोपळा, काकडी, भेंडी. या दिवसांत भाजी उजेडात आणि आतून पाहून चिरावी लागते, हे सांगण्याचे कारण नाही.

दोडक्याच्या शिरा सासूबाई कधी टाकत नसत. त्या काढून बारीक चिरायच्या, थेंबभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. दोन चमचे तीळ, चमचाभर सुके खोबरे, एक-दोन सुक्या लाल मिरच्या निराळ्या भाजायच्या. सारे गार झाल्यावर मीठ आणि आमसुलाचा एक तुकडा घालून भरड वाटायचे. पाणी अजिबात नको. दुधीच्या सालीची चटणी अशीच होते. परतताना घाई केली तर शिरा बाहेरून करपतात आणि आत चिवट राहतात. दहा-बारा मिनिटे द्यावी लागतात, आणि मला वाटते स्वयंपाकाच्या बाईंनी हा पदार्थ सोडून देण्याचे कारण हेच असावे. दहा मिनिटे म्हणजे त्यांचे पुढचे एक घर.

पडवळ बहुतेकांना आवडत नाही. त्याच्या अगदी पातळ चकत्या करून, मीठ चोळून पाच मिनिटांनी पिळायच्या आणि थोड्या तेलावर तांबूस परतायच्या. वाढण्याच्या क्षणी दह्यात घालायच्या. आधी घातल्या की मऊ पडतात. पिळलेले पाणी मी कणकेत वापरते आणि कणकेत मग मीठ घालत नाही. लाल भोपळ्याचे भरीत सर्वश्रुत आहे. भोपळा वाफवून पूर्ण गार करायचा, मग दही, मिरची, कूट आणि मोहरीची फोडणी. आपल्याकडे वांगे चालत नाही म्हणून भरीत चालत नाही असे समजणाऱ्या नव्या सुना मी पाहिल्या आहेत. भोपळा चवीला गोड, म्हणून यांना अर्धी वाटीच. तोंडली कोवळी असतील तर त्यांच्या पातळ काचऱ्या, मोहरीची पूड, हळद, मीठ आणि लिंबू, असे चार तासांत मुरणारे ताजे लोणचे करावे. तेलाच्या लोणच्याची आठवण कमी होते.

गुजराथी शेजारणीकडून आलेला कच्च्या पपईचा संभारो आमच्याकडे आता आठवड्यातून दोनदा होतो. पपई सोलून जाड किसावी, चमचाभर तेलात मोहरी, हिंग, हळद, उभ्या चिरलेल्या मिरच्या घालून मोठ्या आचेवर जेमतेम दोन मिनिटे परतावी, मीठ आणि लिंबू. कच्चेपणा जाता कामा नये. तिच्याकडे तो गाठियाबरोबर जातो. आमच्याकडे गाठिया वगळून. यावर यांनी एकदा शेजारणीसमोरच तक्रार केली, तेव्हा ती म्हणाली, "भाई, गाठिया तो बहाना छे, पपैया खाओ." मला ते फार आवडले.

तिथीचा दिवस राहिला. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला हिरवे नाही. त्या दिवशी मिरची, लिंबूही नाही. आहारतज्ज्ञांना मी हे सांगितले तेव्हा त्या मुलीने पेन खाली ठेवले. पण मारवाडाने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलेला आहे. तेथे हिरवे मिळणेच दुर्मीळ, त्यामुळे वाळवून ठेवण्याचे शास्त्र झाले. खेजडीच्या शेंगा म्हणजे सांगरी, केर, वाळवलेली गवार. सांगरी रात्रभर न भिजवता कोमट पाण्यात दोन-तीन तास ठेवली तरी पुरते. उकडून, पाणी काढून, आमचूर आणि सुकी मिरची घालून कमी तेलात परतली की ती डावीकडे वाटीभर घेता येते. मात्र बाजारची केर-सांगरी तेलात बुडवलेली असते, आणि लग्नातली तर विचारू नका.

दाणामेथी ही तिथीची दुसरी सोय. अर्धी वाटी मेथीचे दाणे गरम पाण्यात दोन तास ठेवायचे, ते पाणी टाकून दुसऱ्या पाण्यात उकडायचे आणि तेही पाणी काढून टाकायचे. कडवटपणा बराच जातो, सगळा जाऊही नये. मग जिऱ्याची फोडणी, हळद, तिखट, धनेपूड, आमचूर. इतरांच्या वाटीत बेदाणे आणि गुळाचा खडा. यांच्या वाटीत नाही. मेथीने साखर उतरते असे सर्वत्र सांगतात, म्हणून कोणी ती औषधाप्रमाणे रोज भरपूर खाऊ लागेल तर त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. गोळ्या चालू असताना साखर फार खाली जाणेही धोक्याचे असते.

याखेरीज तिथीला जवस, तीळ, कारळ यांच्या कोरड्या चटण्या. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा, कारण जवस तडतडायला लागेपर्यंत तीळ करपतात. लसूण न घालताही चटणी खमंग होते; तिची उणीव जिरे जरा जास्त भाजून भरून काढता येते. मिठाचा हात आखडता ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे सपाट चहाचा चमचा. पापड, लोणचे आणि शेव खाणाऱ्या घरात तो चमचा दुपारच्या आधीच संपतो.

हिवाळ्याविषयी फार लिहीत नाही, कारण त्या दिवसांत भाजीबाजारच सारे काम करतो. कार्तिकी चौमासी झाली की मेथी येते. कोवळी मेथी तीन पाण्यांतून धुऊन, बारीक चिरून, कूट, तिखट, मीठ आणि चमचाभर कच्चे तेल घातलेला घोळाणा ज्वारीच्या भाकरीबरोबर घ्यावा. दही मात्र त्यात घालायचे नाही, हे वर आलेच. पेरूची दह्यातली कोशिंबीर, कोबीची लिंबू पिळलेली पचडी, ताज्या आवळ्याचा कीस. कोबी पान-पान सोडवून पाहावा, आणि ज्या घरात तो घेतच नाहीत त्यांनी कच्ची पपई घ्यावी. ओले आले आपल्याला चालत नाही. आवळ्याच्या किसात चिमूटभर सुंठ घातली तर तीच ऊब येते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून डबा चारलाच निघतो, आणि गार कोशिंबीर त्या दिवसांत यांना नको वाटते. तेव्हा मी पचडी किंचित परतून पाठवते. नियम माझेच, सवलतही माझीच.

वर्षभराने काटा पुन्हा घरी आणला. ३७० ग्रॅम. रक्ताचा आकडा ७.१. डॉक्टरांनी एक गोळी कायम ठेवली, एक कमी केली. यांनी अहवाल पुन्हा घडी करून खिशात ठेवला, पण या वेळी दुकानात नेऊन मुनीमजींना दाखवला.

या भरात माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे लिहायलाच हवी. आमच्याकडे जमते आहे असे पाहून मी थोरल्या दिरांच्या घरीही डबी पाठवू लागले. टोमॅटो, काकडी, ओले खोबरे, लिंबू, दाण्याचे कूट. दोन दिवसांनी जाऊबाईंचा फोन आला. त्या कधी नाही म्हणणाऱ्या नव्हेत. त्यामुळे त्यांना बोलायला वेळ लागला. "अगं, डबी येते तेव्हा ते खूश होतात. पण त्यांना हे काही चालत नाही." डायलिसिसवरच्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठते आणि ते वाढले तर हृदयाला धोका होतो, म्हणून टोमॅटो, खोबरे, शेंगदाणे, बहुतेक फळे आणि कच्च्या भाज्या त्यांना मोजूनमापूनच, किंवा नाहीच. जे एका भावाला लाभते तेच दुसऱ्याला बाधते, हे मला ठाऊक असायला हवे होते. कर्ज देण्याआधी मी प्रत्येकाचे कागद पाहत असे. इथे न पाहताच मंजूर केले.

आता जाऊबाईंनी त्यांच्या आहारतज्ज्ञांना विचारून मला यादी दिली आहे. दोडका किंवा दुधी सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडायचा, ते सारे पाणी ओतून टाकायचे. वर जिऱ्याची साधी फोडणी, मीठ जवळजवळ नाही, कूट नाही. चव बेताचीच लागते. मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना घेऊन जाण्याच्या दिवशी, दोन डबे एकदम निघतात. यांच्या डब्याला हिरवी दोरी आहे आणि दादांच्या डब्याला पांढरी, म्हणजे गाडीत अदलाबदल होत नाही. परवा यांनी स्वतःची डबी त्यांच्यासमोर उघडलीच नाही. परत येईपर्यंत काकडीला पाणी सुटले होते, तरी तशीच संपवली.